गारांच्या मुलखातून स्कीकडे पाहताना

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आभाळातून बर्फ पडतो तो एकाच रूपात, गारांच्या. पोरं गारा वेचायला अंगणात पळतात, आणि थोरली माणसं हरभरा, गहू, कांदा किती गेला याचा हिशेब करत बसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही. गोळ्यातला बर्फ, फ्रीजमधला बर्फ आणि गुलमर्गला पडणारा बर्फ, बोलताना आपण तिघांनाही एकच शब्द वापरतो. 'हिम' पुस्तकातच राहतं.

अशा मुलखात स्कीइंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिंदी सिनेमातलं गाणं किंवा कुणाच्या तरी स्वित्झर्लंड ट्रिपचं रील. पैसेवाल्यांचा खेळ. पण या खेळाचा इतिहास वाचायला घेतला की तो आधी शिकाऱ्यांच्या, मग गरीब शेतकऱ्यांच्या आणि मग सैनिकांच्या घरात घेऊन जातो. आणि शेवटी, अनपेक्षितपणे, बुलढाण्यातही.

फाडलेलं लाकूड

'स्की' हा शब्द नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतून आला. मूळ अर्थ फाडलेलं लाकूड, फळी. कल्पना साधी आहे. माणूस भुसभुशीत बर्फावर उभा राहिला की त्याचं सगळं वजन दोन पावलांएवढ्या जागेवर येतं आणि तो गुडघ्यापर्यंत रुततो. तेच वजन दोन लांब फळ्यांवर पसरलं तर तो वर राहतो आणि घसरत पुढे जातो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण शाळेत शिकलो तेच.

हे गणित माणसाला फार लवकर कळलं होतं. स्वीडनमध्ये काल्वट्रेस्क इथे दलदलीत स्कीची जोडी सापडली. ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि सोबतच्या काठीचं एक टोक फावड्यासारखं आहे. मध्य आशियातल्या अल्ताई डोंगरांत आजही काही लोक हाताने स्की बनवतात. फळीच्या तळाला घोड्याचं कातडं लावतात, केसांचा कल मागच्या बाजूला ठेवून. पुढे जाताना केस चपटे बसतात आणि फळी घसरते. चढावर मागे सरकू लागली की तेच केस उभे राहून बर्फ धरतात. आज गिर्यारोहक स्कीच्या तळाला जी 'स्किन' चिकटवतात, तिचं तत्त्व हेच.

म्हणजे हजारो वर्षं स्की हे वाहन होतं. शिकारीला जायला, शेजारच्या गावी पोचायला. आपल्याकडे बैलगाडी होती तसं.

मॉर्गेडालचा कूळ शेतकरी

या वाहनाचा खेळ कसा झाला हे सांगताना एक नाव टाळता येत नाही. सोंड्रे नॉरहाइम, जन्म १८२५, गाव मॉर्गेडाल, नॉर्वेचा टेलेमार्क प्रांत. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर राबणारा गरीब माणूस. त्या काळी बूट स्कीला फक्त पुढच्या बाजूने, चवड्यापाशी अडकवलेला असे. वळताना किंवा उडी मारताना फळी पायातून निसटायची. नॉरहाइमने लवचिक मुळ्या पिळून त्यांचा फास टाचेमागून घेतला. टाच उचलता येत होती, पण फळी सुटत नव्हती. त्याने फळीचा आकारही बदलला. टोकं रुंद, मध्यभाग अरुंद. फळी कलली की ही बाकदार कड आपोआप वळण घेते.

१८६८ साली, बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा असताना, तो राजधानी क्रिस्टियानियातल्या, म्हणजे आजच्या ओस्लोतल्या, स्पर्धेत उतरला आणि जिंकला. शहरी लोक बघतच राहिले. पण त्या जिंकण्याने पोट भरलं नाही. १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये सपाट माळरानाच्या डाकोटात वारला. स्कीइंगच्या एका प्रकाराला आज त्याच्या प्रांताचं नाव आहे, 'टेलेमार्क'.

टाच मोकळी की बांधलेली?

स्कीइंगचे प्रकार लक्षात ठेवायचे असतील तर एकच प्रश्न विचारा: टाच मोकळी आहे की बांधलेली?

टाच मोकळी असेल तर ते नॉर्डिक कुळातलं. क्रॉस-कंट्री म्हणजे सपाट किंवा चढउताराच्या वाटेवर लांब अंतर कापणं. फळ्या अरुंद, हलक्या. बूट साध्या खेळाच्या बुटासारखे. यात दोन पद्धती आहेत. 'क्लासिक'मध्ये दोन समांतर चरांतून चालल्यासारखं पुढे जातात, 'स्केटिंग'मध्ये फळ्या इंग्रजी व्ही आकारात फाकवून ढकलतात. स्की-जंपिंग याच कुळातलं. क्रॉस-कंट्रीला रायफल जोडली की होतं बायथलॉन. त्याचं मूळ सैन्याच्या गस्तीत आहे. टेलेमार्कमध्येही टाच मोकळीच असते, फक्त ते उतारावर, एक गुडघा वाकवून करतात.

टाच बांधलेली असेल तर ते आल्पाइन. हे फक्त उतारासाठी. सरळ वेगाने उतरणं म्हणजे डाउनहिल, खांबांमधून नागमोडी उतरणं म्हणजे स्लॅलम, खांबांतलं अंतर वाढवलं की जायंट स्लॅलम. 'स्लॅलम' हाही नॉर्वेजियन शब्द, अर्थ साधारण उतारावरची वाट.

या स्लॅलमचा एक धागा भारतात येतो. आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी नॉर्वेची पद्धत बदलायचं काम ऑस्ट्रियाच्या माथियास झ्डार्स्कीने केलं. १९०५ मध्ये लिलिएनफेल्डजवळ त्याने खांबांच्या दारांमधून उतरण्याची स्पर्धा घेतली. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेन गावी आर्नल्ड लन या इंग्रजाने नियम ठरवला की वळणं किती देखणी हे बघायचं नाही, घड्याळ काय म्हणतं ते बघायचं. आधुनिक स्लॅलम तिथून धरतात. हा लन १८८८ मध्ये जन्मला मद्रासला. त्याचे वडील तिथे मिशनरी होते. पुढे त्यांनी इंग्रज पर्यटकांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा धंदा काढला. शेतकऱ्याचं वाहन साहेबाच्या सुट्टीत पोचलं ते असं.

पायातलं एमसीबी

पुढचा काळ इंजिनीअरांचा. हॉवर्ड हेड हा अमेरिकन विमान कारखान्यात काम करायचा. १९४७ मध्ये तो स्कीइंगला गेला आणि लाकडी फळ्यांना वैतागला. विमानाचे भाग बनवताना दोन धातूच्या पत्र्यांमध्ये हलका गाभा भरतात. तेच त्याने स्कीला लावलं: वर-खाली अॅल्युमिनियम, मध्ये प्लायवूड, कडेला पोलाद. १९५० च्या सुमारास ती बाजारात आली. १९६० च्या दशकात चामड्याच्या बुटांची जागा कडक प्लास्टिकच्या बुटांनी घेतली. १९९० च्या दशकात फळीचा मध्यभाग आणखी अरुंद झाला आणि वळणं सोपी झाली. म्हणजे नॉरहाइमचीच कल्पना, जास्त ठळक करून.

मला यात सर्वांत आवडतं ते बाइंडिंग, बूट आणि फळी जोडणारा सांधा. त्याचं काम दुहेरी आहे. चालू असताना घट्ट धरायचं आणि पडताना सोडून द्यायचं. नाहीतर दीड मीटरची फळी तरफ बनते आणि पायाचं हाड पिळून मोडते. घरातलं एमसीबी ठरावीक करंटच्या वर गेलं की पडतं, तसंच हे. किती बलाला सुटायचं तो आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य पाहून लावतात. नवशिक्याला कमी, तरबेज माणसाला जास्त. शिकाऊ माणसाने हा आकडा दुकानदाराकडून लावून घ्यावा, मित्राकडून नाही.

आणि कपडे. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला. आमचं निम्मं अर्थकारण त्या पांढऱ्या बोंडावर उभं राहिलं. बर्फात मात्र सुती कपडा घात करतो. तो घाम शोषून ओला राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकर किंवा पॉलिस्टर, मध्ये ऊब धरणारा थर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन घरी ठेवा.

गुलमर्ग: क्लब आणि छावणी

भारतात स्कीइंग आणलं इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये गुलमर्गला स्की क्लब स्थापन झाला. वीस वर्षांनी साहेब गेले आणि काश्मीरमध्ये युद्ध पेटलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजी ला खिंडीत जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९४८ मध्ये, गुलमर्गला १९ इन्फन्ट्री डिव्हिजनची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल बनली. क्लबच्या उतारांवर जवान स्की शिकू लागले.

जगात हे नवं नव्हतं. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडच्या स्कीवरच्या तुकड्यांनी बलाढ्य सोव्हिएत फौजेला जेरीस आणलं होतं. अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक युद्धानंतर घरी परतले आणि त्यांतल्या काहींनी स्की-रिसॉर्ट उभी केली. तिकडे सैनिकाची स्की पर्यटकाकडे गेली. आपल्याकडे सैनिक अजून बर्फातच आहे.

याच गुलमर्गच्या शाळेचे प्रमुख असताना कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार यांनी १९७८ मध्ये सियाचेनची मोहीम काढली. परक्या नकाशांवर ही हिमनदी कुणाची दाखवतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि कॅप्टन संजय कुलकर्णींची तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला खिंडीत उतरली. तेव्हापासून त्या हिमनदीवर आपले जवान बाराही महिने आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनवर कर्तव्य बजावताना अग्निवीर अक्षय गवते यांचा मृत्यू झाला. गाव पिंपळगाव सराई, जिल्हा बुलढाणा. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर 'सियाचेन' हा शब्द पहिल्यांदा घरातल्यासारखा आला. जिथे हिम पडत नाही त्या जिल्ह्यातली मुलं भरती होऊन जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर जातात. बर्फाशी आमचं खरं नातं आहे ते हे.

आणि आता

खेळातली आपली वाटचाल संथ आहे. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुयाकोव्स्की हे भारताचे एकमेव खेळाडू होते. १९८८ मध्ये कॅलगरीला शैलजा कुमार उतरल्या, हिवाळी ऑलिंपिकमधल्या पहिल्या भारतीय महिला. २०२२ मध्ये बीजिंगला पुन्हा एकच भारतीय होता, गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा आरिफ खान. त्याच्या वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान होतं. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला.

दरम्यान बर्फच कमी होतोय. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी होते. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. उत्तराखंडातल्या औलीला जाणारा रोपवे ज्या जोशीमठातून निघायचा, ते गाव २०२३ च्या सुरुवातीला खचू लागलं. ज्यांची वर्षाची कमाई हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत होते, त्या गाईड आणि घोडेवाल्यांना हे दुःख आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे अवकाळी येतो, त्यांच्याकडे वेळचं येत नाही.

तरीही शिकायचं असेल तर शिका. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था नवशिक्यांचे अभ्यासक्रम घेते. औलीलाही सरकारी वर्ग असतात. सामान विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. बूट दोनदा घालून बघा. टाच आत उचलली जात असेल तर बदलून मागा. पहिले दोन दिवस फक्त पडायला आणि उठायला शिकवतील, ते मन लावून शिका. आणि शिकवणाऱ्याला विचारा, त्याचे आजोबा बर्फातून कसे चालायचे. बहुतेक सगळा इतिहास तिथेच सापडेल.