पडद्यावरचा आखाडा

वाशीकडच्या माणसाला आखाडा म्हणजे काय ते सांगायला नको. असाच एक आखाडा जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली पडद्यावर मांडला, ‘स्ट्रीट फायटर’. पहिला भाग बेताचाच. १९९१ च्या दुसऱ्या भागात मात्र गंमत झाली. चाचणी घेताना फुनामिझू यांना दिसले, की वेळ नेमकी साधली तर एका ठोशाला लागूनच दुसरा बसतो. खरे तर ही चूक. ती त्यांनी राहू दिली, अन् तोच पुढे अशा खेळांचा प्राण ठरला. त्यातला हात लांबवणारा आपला योगी धालसिम पाहून हसूच येते म्हणा! पोरखेळ म्हणून आम्ही मास्तर मंडळी ज्याला हिणवतो, त्याला २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत कुस्तीच्या जोडीने पदक होते. सुवर्ण जिंकले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी.