मंडळीचा फोटो आणि चौकोन

गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ हे नाव फोटोंच्या वहीवरून पडले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. मोठ्या रचनेला अनेक तबकड्या लागत आणि त्या ठेवण्यासाठी फोटो-अल्बमासारखे पुस्तक बांधले जाई. सुट्या तबकड्यांच्या पाकिटांवर बहुधा कंपनीचे नाव असे आणि मध्ये लेबल दिसावे म्हणून गोल भोक. १९४० च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया कंपनीसाठी सचित्र वेष्टने सुरू केली आणि गाणाऱ्याच्या चेहऱ्याला वेष्टनावर जागा मिळण्याची वाट मोकळी झाली.

हा चेहरा एकट्या गायकाचा असला तर प्रश्न येत नाही. मंडळी असली की येतो. १९६३ साली रॉबर्ट फ्रीमन यांनी ‘विथ द बीटल्स’साठी चौघांचा फोटो काढला तो स्टुडिओत नव्हे, हॉटेलात, मागे गडद पडदा, एका बाजूने खिडकीचा उजेड. चौघे एका ओळीत उभे केले तर चौकोनात वर-खाली जागा रिकामी पडते, म्हणून रिंगो स्टार यांना उजव्या कोपऱ्यात खाली घेतले. रचनेची ही एक अडचण सोडवताना मंडळीतले स्थानही ठरून गेले, याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे.

आता भंडारा जिल्ह्याकडे येऊ. दिवाळीनंतर येथल्या गावागावांत मंडई भरते आणि दंडारी होतात. खडी गंमत हाही याच मुलखातला प्रकार. झाडीबोलीचे आणि येथल्या लोकरंगभूमीचे अभ्यासक, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या लेखनामुळे हे प्रकार मराठीच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. खडी गंमतीत शाहीर, ढोलकी वाजवणारा, मागून सूर धरणारे आणि स्त्रीवेषातला नाच्या, सगळे उभ्यानेच खेळ करतात. अशा मंडळीच्या अल्बमासाठी स्टुडिओत फोटो काढायचा झाला तर पुढे कोणाला घ्यावे?

उत्तर बरेचसे मापावर अवलंबून असते. बारा इंची एल. पी.चे वेष्टन साधारण ३१ सेंटिमीटर चौरस. त्यात दहा माणसे ओळखू येतात. कॅसेटच्या कागदाची दर्शनी बाजू सुमारे १० बाय ६.५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पंधराव्या हिश्शावर आले. तिथे दहा चेहरे म्हणजे दहा ठिपके. मग शाहीर तेवढा उरतो, ढोलकी जाते. मोबाइलच्या पडद्यावर तर चित्र नखाएवढेच. झाडीपट्टी नाटकांच्या जाहिरातींतही नटनट्यांचे चेहरे ठळक असतात. संगीत मात्र प्रत्यक्ष वाजत असते आणि वाजवणारे चित्राबाहेर राहतात.

नाच्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. बालगंधर्वांचे स्त्रीवेषातले फोटो आपण सौंदर्याचा नमुना म्हणून पाहतो. गावच्या नाच्याचा तसाच फोटो पाहताना मात्र ओठांवर हसू येते. हा फरक छायाचित्रकलेचा नाही, पाहणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांचा आहे. त्याला वेषात उभे करावे की रोजच्या कपड्यांत, हे त्यालाच विचारून ठरवावे असे आम्हांला वाटते. खेळ संपल्यावरही त्याला त्याच गावात राहायचे असते.

फोटोची आखणी करणाऱ्याने आधी लहानात लहान माप हाती घ्यावे आणि त्यात काय दिसते ते पाहावे. चेहरे मावत नसतील तर एकच चेहरा मोठा करण्यापेक्षा उभ्या मंडळीची बाह्यरेखा, ढोलकीवरचे हात किंवा घुंगरांचे पाय घ्यावेत, आणि मागच्या बाजूला सगळ्यांची नावे द्यावीत. रंगवलेला पडदा नको. साधी गडद पार्श्वभूमी आणि बाजूचा उजेड पुरे. अक्षरांसाठी वरची जागा मोकळी सोडावी, म्हणजे छपाईच्या वेळी नाव कुणाच्या डोक्यावर चढणार नाही.