बांध कोणाचा, घाम कोणाचा?

मी समुद्रकाठचा नव्हे. माझे गाव पाली, वेल्हे भागात, राजगडाच्या पायथ्याशी. गडाच्या एका दरवाजाला आमच्या गावाचे नाव आहे. ज्यांनी त्याचे चिरे वाहिले त्यांचे नाव कोठेही कोरलेले नाही. घरात पहिली पदवी माझी. माझा आजा घाट उतरून कोकणात मीठ आणायला जाई. मी इतिहास शोधत त्याच कोकणात उतरलो, तेव्हा मला चिखलाचा एक गड दिसला. तो म्हणजे खारबंदिस्ती.

अलिबाग-पेणच्या खाड्यांकाठी भरतीचे पाणी अडवण्यासाठी माती-दगडांचे बांध घातले गेले. बांधापुढची तिवरांची झाडी लाटेचा जोर मोडी. बांधात उघाडी असे. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटे. ओहोटीला ती उघडे आणि आतले पाणी वाहून जाई. पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढी, मग काळा रता, भुरा रता असे खार सोसणारे भात उभे राही. पण खेकड्याच्या एका बिळाकडे दुर्लक्ष झाले तरी बांधाला खांड पडे, आणि समुद्र आत शिरला की जमीन काही वर्षे नापीक. म्हणून गावकरी एकत्र येऊन बांध राखीत. या सामुदायिक श्रमाला ते जोळ म्हणत.

आज ज्याला निसर्गाधारित किनारा-संरक्षण म्हणतात, ते या निरक्षर हातांनी शाळा न पाहता साधले होते. मात्र येथे भाबडे होऊन चालणार नाही. बांध राखणारे हात कुळांचे होते, आणि धान्याची रास मोजली जाई ती खोताच्या, सावकाराच्या अंगणात. या शोषणाविरुद्ध 1933 साली अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. जमिनी पडीक ठेवून, उपासमार सोसून त्यांनी तो 1939 पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. ज्या कोलाबा जिल्ह्यात 1927 साली महाडच्या तळ्याचे पाणी मागितले गेले, त्याच जिल्ह्यात हा जमिनीचा प्रश्न पेटला होता. पाणी आणि जमीन ही एकाच गुलामगिरीची दोन टोके होती.

खोती 1949 च्या कायद्याने गेली. खारजमिनींसाठी 1948 आणि 1979 साली कायदे झाले. बांधांचा कारभार सरकारी खात्याकडे गेला आणि जोळ सैल पडली. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने हाच किनारा झोडपला. आता तिवरे लावण्याच्या योजना येतात. त्यांचे स्वागत आहे. पण कोळ्याची होडी जाणारी वाट, कुळाची खाचरे आणि भूमिहीनाची मजुरी त्या आराखड्यात कोठे आहे?

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: बांध पाहाल तेव्हा तो कोणी घातला हे विचारा, आणि त्याच्याविषयी निर्णय कोण घेतो हेही विचारा. ही दोन नावे एक होईपर्यंत चरीचा संप संपला असे मी मानत नाही.