हॉर्नच्या रिलेतला हेन्री

पिकअप गाडीचा हॉर्न मुका झाला की गॅरेजमधला वायरमन आधी फ्यूज पाहतो. फ्यूज शाबूत असेल तर तो कुणाला तरी स्टिअरिंगवरचे बटण दाबायला सांगतो आणि स्वतः फ्यूजच्या पेटीला कान लावतो. 'टक्' असा आवाज येतो की नाही, यावर त्याचे पुढचे निदान ठरते. हा आवाज करणारी काळी चौकोनी डबी म्हणजे रिले. ती बदलायला पाच मिनिटे पुरतात. पण ती गाडीत मुळात कशासाठी असते हे समजून घ्यायचे तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे आपल्याला एक शाळामास्तर भेटतो.

आधी गाडीतली अडचण पाहू. बॅटरी आणि हॉर्न दोन्ही गाडीच्या पुढच्या भागात, बटण मात्र चालकाच्या हाताखाली. दोन हॉर्न मिळून ८ ते १० अँपिअर प्रवाह सहज ओढतात. हा सगळा प्रवाह बटणापर्यंत नेऊन परत आणायचा तर तो बारीक तारा, जोडण्या आणि स्टिअरिंगबरोबर फिरणारे संपर्क यांतून जाणार. या वाटेचा रोध केवळ ०.२ ओहम धरला तरी १० अँपिअरला २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि हॉर्न घोगरा वाजतो. बटणाचे संपर्क जळतात ते वेगळेच. म्हणून बटणाने फक्त रिलेतले वेटोळे चालवायचे. या वेटोळ्याचा रोध सुमारे ८० ओहम, म्हणजे १२ व्होल्टला प्रवाह ०.१५ अँपिअर. आता त्याच वाटेत अवघे ०.०३ व्होल्ट जातात. वेटोळ्यातला विद्युतचुंबक एक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टी जाड तारांचा दुसरा परिपथ जोडते, आणि हॉर्नला जवळच्या वाटेने पुरेपूर प्रवाह मिळतो. (दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना हे गणित जरूर घालावे.)

लांब तारेत प्रवाह क्षीण होतो, ही अडचण १८२५ साली इंग्लंडमध्ये पीटर बार्लो यांना भेडसावली होती. विजेच्या साह्याने दूरवर संदेश पाठवता येतील का, हे ते तपासत होते. दोनशे फूट तारेतच परिणाम इतका घटला, की ही कल्पना व्यवहार्य नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. बार्लो यांचे प्रयोग चुकीचे नव्हते. त्यांच्या हाती योग्य विद्युतचुंबक नव्हता, इतकेच. विल्यम स्टर्जन यांनी त्याच वर्षी दाखवलेल्या पहिल्या विद्युतचुंबकावर उघड्या तारेचे जेमतेम अठरा वेढे होते.

ही कोंडी फोडली जोसेफ हेन्री याने. १८२६ पासून हा तरुण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी अकॅडमी या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होता. वर्षभर अध्यापनाचे ओझे. संशोधनाला सवड मिळे ती मुख्यतः ऑगस्टच्या सुट्टीत, शाळेचे दालन रिकामे असे तेव्हा. त्याने तारेलाच रेशमाचे विसंवाहक आवरण दिले, त्यामुळे वेढ्यांवर वेढे घालता आले. पुढे त्याच्या असे ध्यानात आले की विद्युतचुंबक दोन तऱ्हांचे करता येतात. एकसर जोडलेल्या अनेक घटांच्या घटमालेला बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांचा चुंबक जोडला, तर तो लांब तारेच्या टोकालाही काम करतो. याउलट आखूड वेटोळी समांतर जोडून एका मोठ्या घटावर चालवली, तर चुंबक प्रचंड वजन उचलतो, पण तो घटाजवळच असावा लागतो. १८३१ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास त्याने शाळेच्या दालनाभोवती मैलाहून लांब तार फिरवून तिच्या टोकाला एक घंटा वाजवून दाखवली.

१८३२ मध्ये तो प्रिन्स्टनच्या कॉलेजात गेला आणि तिथे त्याने हे दोन चुंबक एकत्र आणले. लांब तारेवरचा नाजूक चुंबक पाऱ्यात बुडालेली एक लहानशी तार वर ओढी. त्याबरोबर मोठ्या चुंबकाचा स्थानिक परिपथ तुटे आणि त्याला लटकलेले शेकडो पौंडांचे वजन धाडकन खाली येई. विद्यार्थ्यांची करमणूक होत असणारच! पण तत्त्वाच्या दृष्टीने हाच रिले. १८३७ साली लंडनला चार्ल्स व्हीटस्टन यांच्या भेटीत हेन्रीने या युक्तीचा एक उपयोग सांगितला, तो म्हणजे दूरवरच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा वाजवणे. बटणाच्या किरकोळ प्रवाहावर हॉर्न वाजवणे याहून फारसे निराळे नाही.

हेन्रीने पेटंट घेतले नाही. सॅम्युएल मोर्स यांनी मात्र तारायंत्राचे पेटंट १८४० मध्ये घेतले. त्यांचा सुरुवातीचा चुंबक थोड्या वेढ्यांचा होता आणि संदेश दूर जाईना. तेव्हा हेन्रीचा लेख वाचलेल्या लिओनार्ड गेल या प्राध्यापकाने त्यांना वेढे आणि घट वाढवायला सांगितले. एका परिपथाने पुढचा परिपथ चालवण्याची कल्पना मोर्स यांनी स्वतंत्रपणे काढली असावी. रिले या शब्दाचा एक जुना अर्थही तोच, टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचा घोडा. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली. पुढे श्रेयावरून वाद पेटला. हेन्रीने न्यायालयीन साक्षीत आपले आधीचे काम सांगितले, तर १८५५ मध्ये मोर्स यांनी त्याच्यावर छापील हल्ला चढवला. १८५७ साली स्मिथसोनियन संस्थेने हेन्रीच्या बाजूने निर्वाळा दिला. हेन्री त्याच संस्थेचा प्रमुख होता हे खरे, पण १८३१ चा छापील लेख कुणाला पुसता येण्यासारखा नव्हता.

गंमत अशी, की रिले ज्या कारणाने बिघडतो तेही हेन्रीनेच नोंदले आहे. लांब तारेचा परिपथ तोडताना ठिणगी उडते आणि तार गुंडाळलेली असेल तर ती आणखी जोमदार होते, हे त्याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. हेच स्वयंप्रवर्तन. त्याच्या एककाला १८९३ साली 'हेन्री' हे नाव मिळाले. हॉर्नमध्येही वेटोळेच असते. त्यामुळे दर वेळी बटण सोडले की रिलेच्या संपर्कांत ठिणगी उडते. संपर्क हळूहळू जळतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात.

आता वायरमनचे निदान उलगडते. 'टक्' ऐकू येते पण हॉर्न गप्प, तर संपर्क जळले असतील किंवा हॉर्न अथवा त्याची तार गेली असेल. 'टक्' नाहीच, तर वेटोळे तुटले आहे किंवा बटणापासूनची तार. हॉर्न थांबतच नाही आणि रिले उपटताच थांबतो, तर पेटीतला दुसरा तसाच रिले लावून पाहावा. तरीही वाजत राहिला तर दोष रिलेत नसून बटणाची तार कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. नवा रिले बसवताना बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि डबीवरचे आकडे जुळवावेत. जर्मन मानकानुसार ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० बॅटरीकडचे, ८७ हॉर्नकडचे. डबी तशीच दिसली तरी आतली मांडणी वेगळी असू शकते.

निकामी झालेला रिले टाकून देऊ नये. संपर्क जळले असले तरी वेटोळे बहुधा शाबूत असते. डबीवरच्या आकृतीत वेटोळ्याला समांतर डायोड किंवा रोधक दाखवलेला नसेल, तर ८५ व ८६ च्या आड टेस्टरमधला लहान निऑन दिवा जोडावा, बॅटरीचा प्रवाह द्यावा आणि तोडावा. तोडताना उघड्या टोकांना हात लावू नये. १२ व्होल्टवर एरवी न पेटणारा तो दिवा प्रवाह तुटण्याच्या क्षणी लुकलुकतो. खोलीत थोडा अंधार केला तर मागच्या बाकावरूनही दिसतो.