भिंतीच्या आतली वायर: वायरमनच्या रागाची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली 'अं', 'म्हणजे' काढली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. राग. तोही वायरमनचा राग. गवंड्यावर, प्लंबरवर, टाइल्सवाल्यावर, पीओपीवाल्यावर. कुठल्याही बांधकामाच्या साइटवर दहा मिनिटं उभे राहा, ऐकायला मिळेल. 'आमच्या पायपात माल भरला', 'बॉक्स गिलाव्यात गाडून टाकला', 'इथं ड्रिल कोणी मारलं?' मला आधी वाटायचं ही नेहमीची कुरकुर आहे, आमच्या ऑफिसात बॅकएंडवाले फ्रंटएंडवाल्यांच्या नावानं करतात तशी. पण वाचत गेलो तसं कळलं, की या रागामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे: वायर भिंतीच्या बाहेर होती, ती आत गेली.

सुरुवात १८८२ पासून करू. हे वर्ष भन्नाट आहे. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट पॉवर स्टेशन सुरू झालं ते याच वर्षी. लंडनमध्ये विजेच्या दिव्यांमुळे आगी लागू नयेत म्हणून तिथल्या इंजिनिअर मंडळींनी पहिली नियमावली काढली, तीही याच वर्षी. आणि आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, तेही १८८२ मध्येच. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली, हा भाग वेगळा. मुंबईत घराघरात वीज यायला पुढची वीसेक वर्षं तरी गेली. १९०५ मध्ये बेस्टची कंपनी आली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली.

त्या काळात वायर भिंतीच्या वर असायची, डोळ्यांसमोर. चिनी मातीच्या गुटख्यांत धरलेली, नाहीतर लाकडी 'केसिंग-कॅपिंग'मध्ये. म्हणजे दोन खाचा असलेली लाकडी पट्टी, खाचांत रबराचं वेष्टण असलेल्या वायरी, आणि वरून झाकण. त्यानंतर आली बॅटन वायरिंग. सागवानी पट्टी, तिच्यावर चपटी वायर, दर काही इंचांवर पत्र्याची क्लिप. तुमच्या आजीआजोबांचं घर चाळीतलं किंवा जुन्या वाड्यातलं असेल, तर ही पट्टी तुम्ही नक्की पाहिली असेल. काळा गोल खटक्याचा स्विच, त्याच्यामागे लाकडाचा गोल ठोकळा, आणि पट्टीवर तीन-चार वेळा दिलेला ऑइल पेंट.

दिसायला ते काही फार सुंदर नव्हतं. पण वायरमनच्या बाजूनं बघा. गवंडी काम संपवून गेला, गिलावा वाळला, की मग वायरमन यायचा. भिंतीत छिन्नीनं भोक पाडून लाकडी गुट्टी ठोकायची, तिच्यात स्क्रू, पट्टी तयार. त्याच्या कामावर नंतर कोणाचा हात पडत नसे. कोणी खिळा ठोकलाच तर तो दिसायचा, आणि कुठे ठोकायचा नाही हेही दिसायचं.

मग लोकांना भिंती स्वच्छ हव्याशा वाटू लागल्या. इथे एडवर्ड जॉन्सन नावाचा गृहस्थ येतो. एडिसनचा जवळचा सहकारी. १८८२ च्या नाताळात यानंच घरच्या झाडाला ऐंशी रंगीत बल्ब लावले होते, विजेच्या दिव्यांचं पहिलं ख्रिसमस ट्री ते. याच जॉन्सननं पुढे भिंतीच्या आतून वायर नेण्यासाठी नळ्या बनवणारी कंपनी चालवली. आणि नळ्या कशाच्या? डांबरात भिजवलेल्या कागदाच्या! आता कागदाची नळी भिंतीत आहे आणि पलीकडून सुतार खिळा ठोकतोय, असं डोळ्यांसमोर आणा. पुढे नळीवर पितळेचा पत्रा आला, मग लोखंड आलं. आज आपण ज्याला 'कॉन्ड्युइट' म्हणतो ते असं जाड होत गेलं.

अमेरिकेत लाकडी सांगाड्याची घरं. तिथे आजही नियम आहे: लाकडी खांबातून वायर नेताना भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल, तर तिथे स्टीलची पट्टी ठोकायची. का? कारण नंतर येणारा माणूस भिंतीचा बोर्ड स्क्रूनं बसवणार आहे आणि स्क्रू कुठे जातोय ते त्याला दिसणार नाही. मला हा नियम फार आवडतो. दुसरा माणूस काळजी घेणार नाही, हे गृहीत धरूनच तो लिहिलाय.

तिथलाच आणखी एक किस्सा. जुन्या अमेरिकन घरांत चिनी मातीच्या नळ्या आणि खुंट्यांवरून भिंतीच्या पोकळीतून वायरी नेलेल्या असत. आजूबाजूला मोकळी हवा, त्यामुळे वायर गरम झाली तरी उष्णता निघून जायची. पुढे घरं उबदार ठेवायला लोकांनी त्या पोकळ्यांत इन्सुलेशन कोंबलं. वायरमननं हवेच्या भरवशावर केलेलं काम दुसऱ्या धंद्याच्या माणसानं अनेक वर्षांनी बुजवलं. तिथल्या नियमात आता अशा भरलेल्या पोकळीत ती जुनी वायरिंग चालत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लाकूड नाही, आरसीसी आहे. त्यामुळे वायर भिंतीत तर गेलीच, पण स्लॅबमध्येही गेली. या सगळ्या भांडणाचा मुख्य दिवस म्हणजे स्लॅबचा दिवस.

क्रम असा असतो. सेंट्रिंगवाले फळ्या लावतात. सळईवाले जाळी बांधतात. मग वायरमनला काही तास मिळतात, कधी एक रात्र. त्यात त्यानं पंख्याचे बॉक्स, दिव्यांचे बॉक्स आणि त्यांना जोडणारे पीव्हीसी पाइप जाळीत बांधायचे. सकाळी काँक्रीट येतं. त्यानंतर त्या पाइपांवरून बूट चालतात, घमेली आपटतात, व्हायब्रेटरची सुई फिरते. एखादा जोड निसटतो आणि सिमेंटचं पाणी आत शिरतं. त्या दिवशी कोणालाच काही कळत नाही. काही आठवड्यांनी फळ्या काढल्या जातात, आणखी काही महिन्यांनी वायर ओढायची वेळ येते, आणि तार मध्येच अडकते. तोवर काँक्रीट ओतणारी टोळी भलत्याच गावी गेलेली असते.

आमच्या घराचं काम काढलं तेव्हा आलेले वायरमन काका पन्नाशीचे होते. वायर ओढायची तार एका खोलीच्या कोपऱ्यात अडकली. काकांनी दोनदा जोर लावला, मग तार बाहेर काढून तिचं टोक मला दाखवलं. करड्या चिखलाचा थर वाळून बसला होता. "बघा साहेब," म्हणाले, "हा माल माझा नाही. पण फोडायचं मीच, आणि फोडल्याचे पैसे मागितले तर वायरमन लुटतो म्हणणार." त्यांना पैसे पॉइंटप्रमाणे मिळत होते. एक दिवा एक पॉइंट, एक पंखा एक पॉइंट. तो पाइप मोकळा करायला अर्धा दिवस गेला, पॉइंट मात्र एकच मोजला गेला.

हे पॉइंटचं गणित समजून घेतल्याशिवाय हा राग कळत नाही. टाइल्सवाल्याला चौरस फुटाचे पैसे, गिलाव्यालाही तेच, वायरमनला पॉइंटचे. प्रत्येकाला आपलं काम भराभर उरकून पुढच्या साइटवर पळायचंय. बॉक्सच्या तोंडात कागद कोंबून मग गिलावा मारायला एक मिनिट लागतं, पण त्या मिनिटाचे पैसे गवंड्याला कोणी देत नाही. तो वाईट माणूस आहे असं मला नाही वाटत. त्याच्या हिशोबात तो बॉक्स नाहीच.

आणि कायद्याच्या हिशोबात काय आहे? इथे खरी गंमत आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांमध्ये ४५ वा नियम होता: विजेचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं, सर्टिफिकेट असलेल्या सुपरव्हायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या कामगाराकडून. पुढच्या नियमांतही ही रचना तशीच राहिली. काम संपलं की मेगर लावायचा. मेगर म्हणजे वायरच्या वेष्टणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. ५०० व्होल्ट सोडायचे आणि रोध निदान एक मेगाओहम यायला हवा. त्या टेस्ट रिपोर्टवर सही वायरमनच्या बाजूची. गिलावा मारणाऱ्याला लायसन्स लागत नाही, ड्रिल मारणाऱ्यालाही नाही. म्हणजे पाइपला भोक पाडणारे पाच जण, आणि कागदावर नाव एकाचं.

त्यातही टेस्ट शेवटी होते. आमच्याकडे कोड लिहिल्या लिहिल्या टेस्ट चालते, चूक लगेच पकडली जाते. इथे टाइल्स लागल्या, रंग झाला, मॉड्युलर किचन बसलं, की मग मेगर. काटा खाली आला तर शोधायचं कुठे? आणि मेगर पास झाल्यावर पडद्याच्या रॉडसाठी कोणी ड्रिल मारलं तर? तो रिपोर्ट फाइलमध्ये तसाच राहतो.

यात जीव जातात. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या खासदार जेनी टाँज यांच्या मुलीचा स्वतःच्या स्वयंपाकघरात शॉक लागून मृत्यू झाला. भिंतीतली केबल सरळ न नेता तिरकी नेलेली होती. भांडी अडकवायचा धातूचा रॅक बसवताना त्याचा स्क्रू त्या केबलला लागला, आणि रॅकमध्ये वीज उतरली. ब्रिटनमध्ये संकेत असा, की स्विचपासून केबल सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवीच जाते. त्यामुळे स्विच पाहून कुठे ड्रिल मारायचं नाही ते कोणालाही ओळखता येतं. २००८ च्या आवृत्तीपासून तिथे भिंतीत उथळ पुरलेल्या अशा केबलला ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीडी संरक्षणही लागतं. आपल्याकडे त्यालाच आरसीसीबी म्हणतात.

पण या गोष्टीत स्क्रू मारणाऱ्याला काय दोष द्यायचा? केबल जिथे असायला नको तिथे होती. म्हणून वायरमन मंडळींचा राग ऐकताना मी थोडं मीठ बाजूला ठेवतो. सिव्हिलवाल्यांना विचारा, तेही सुनावतील. झिरी मारताना वायरमन कटर घेऊन अख्खी भिंत आडवी कापतो, ही त्यांची जुनी तक्रार आहे. ब्रिटिश नियम सांगतात की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. आपल्याकडच्या चार इंची भिंतीला हा हिशोब लावला तर आडव्या झिरीला पाऊण इंचही मिळत नाही, पाइपच त्याहून जाड असतो. आणि बीममध्ये सळई दिसेपर्यंत छिन्नी मारलेली मी स्वतः पाहिली आहे. ती प्लंबरची नव्हती.

ग्राहक म्हणून आपल्या हातात काय आहे? नवीन फ्लॅट असेल तर रेराच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम १४ वाचून ठेवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष कळवला तर तो बिल्डरनं तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. कोणाच्या टोळीनं पाइप चेपला हे शोधत बसायची जबाबदारी तुमची नाही.

आणि घरचं काम काढलं असेल तर काकांनी आम्हाला सांगितलेलं तुम्हालाही सांगतो. गिलाव्याच्या आदल्या दिवशी मोबाईल घ्या आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. फोटोत मेजर टेप धरा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून. बॉक्समध्ये थर्माकोल कोंबून घ्या. स्लॅब असेल तर त्या दिवशी वायरमनचा एक माणूस वर उभा ठेवा आणि त्याची दिवसाची हजेरी वेगळी द्या. पॉइंटमध्ये धरू नका.

आमच्या घराचे असे एकतीस फोटो आहेत. टीव्हीचा स्टँड लावायला माणूस आला तेव्हा पहिल्यांदा उघडले. त्यानं जिथे पेन्सिलनं खूण केली होती, तिथून बरोब्बर दोन बोटांवर पाइप होता. त्यानं खूण पुसली, अर्धा फूट डावीकडे सरकला आणि ड्रिल सुरू केलं.

चला, आज इतकंच. तुमच्या साइटवरचे किस्से व्हॉइस नोटनं पाठवा, गवंडी आणि प्लंबर मंडळींनी तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.