प्लेगनंतरचे सुरत : कायदा तोच, कारभार वेगळा

१/ सप्टेंबर १९९४. पावसाचे आणि तापीच्या पुराचे पाणी ओसरले, तेव्हा सुरतेच्या सखल वस्त्यांत कचरा व मेलेली जनावरे कुजत पडली होती. त्यातच फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली. सुमारे ५० जण दगावले. काही लाख लोकांनी अवघ्या काही दिवसांत शहर सोडले.

२/ पळणाऱ्यांत ओडिशा, सौराष्ट्र, खानदेशातून पोटासाठी आलेले यंत्रमाग व हिरे कारागीर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वस्त्यांकडे महापालिकेचे लक्ष क्वचितच जाई. कर्मचारी होते, कायदाही होता : मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. पुण्याचा कारभारही याच कायद्याने चाले. उणीव होती ती कार्यसंस्कृतीची.

३/ मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांची सकाळ कार्यालयातून काढून रस्त्यावर नेली. या पद्धतीला नाव पडले ‘एसी टू डीसी’. विजेच्या दोन प्रवाहांवरचा हा श्लेष; अर्थ असा की वातानुकूलित खोली सोडा आणि रोजच्या कामाला भिडा.

४/ दुसरा बदल अधिकारांचा. शहराचे ६ विभाग झाले आणि प्रत्येक विभागप्रमुखाला आर्थिक व प्रशासकीय अधिकार मिळाले. सकाळी जे पाहिले, त्याचा हिशेब दुपारच्या बैठकीत द्यायचा. ‘फाइल वर गेली आहे’ ही सबब त्यामुळे लंगडी पडली.

५/ तिसरा बदल वचकाचा. अनधिकृत बांधकामे पाडताना आरंभ धनाढ्य व वजनदार मंडळींपासून झाला. अस्वच्छ उपाहारगृहांना दंड झाले. मुख्य रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले.

६/ १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. प्लेगला जेमतेम दोन वर्षे झाली होती.

७/ या यशाला दुसरी बाजूही आहे. रस्तारुंदीत गरिबांचीही घरे गेली. शिवाय प्लेगची दहशत ताजी नसती, तर नागरिकांनी इतकी कठोर कारवाई सोसली असती का, हा प्रश्न उरतोच.

८/ तरीही खरी कसोटी राव यांच्या बदलीनंतरची होती. कर्तबगार अधिकारी गेला की घडी विस्कटते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव. सुरतेत विभागांची रचना आणि क्षेत्रभेटीची सवय मागे राहिली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये हे शहर इंदूरसह संयुक्तपणे पहिले आले. जवळजवळ तीन दशकांनंतरच्या या यशाचे श्रेय एकट्या रावांना देता येणार नाही. पण त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व नेमके इथेच आहे. वचक माणसाबरोबर जातो. वाटून दिलेले अधिकार आणि अंगवळणी पडलेली शिस्त मात्र संस्थेजवळ राहू शकते.