वडसा : गडचिरोलीचे एकमेव रेल्वे स्थानक

१/ क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तालुके १२ आणि रेल्वे स्थानक अवघे एक! गडचिरोली जिल्ह्यातील हे स्थानक म्हणजे वडसा. शहराचे शासकीय नाव देसाईगंज. रेल्वेच्या पाटीवर मात्र वडसाच. एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्यात स्थानक एकच का? #थ्रेड

२/ बंगाल नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग खुला केला. पुढे त्याच मापाचे रूळ गोंदियाच्या दक्षिणेस, नागभीडमार्गे चांद्यापर्यंत गेले. हलके रूळ, तीव्र वळणे आणि कमी खर्च, यांमुळे विरळ वस्तीच्या अरण्यप्रदेशात नॅरोगेज परवडत असे.

३/ हा मार्ग अर्जुनी-मोरगाव ओलांडून वडशाला येतो आणि लगेच वैनगंगा पार करून ब्रह्मपुरीकडे वळतो. गाठायचे होते चांदा. नदीच्या पूर्वेचे घनदाट अरण्य बाजूलाच राहिले.

४/ तेव्हा दोन्ही तीर चांदा जिल्ह्यातच होते, म्हणून ही उणीव नकाशावर दिसत नव्हती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही स्थानके चंद्रपूरकडे राहिली. गडचिरोलीच्या वाट्याला आले एकटे वडसा.

५/ हेच वडसा झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाट्यमंडळांची कार्यालये येथेच आहेत आणि बाहेरगावच्या कलावंतांना जिल्ह्यात रेल्वेने उतरायचे तर दुसरे ठिकाणच नाही.

६/ नॅरोगेजच्या काळात ब्रॉडगेजवरून आलेला माल गोंदियाला उतरवून लहान डब्यांत पुन्हा भरावा लागे. १९९०च्या दशकात रूळ रुंद झाले आणि ही अडचण सरली. चांद्याचे चंद्रपूर झाले, तरी या मार्गावरील तेथील स्थानक आजही ‘चांदा फोर्ट’ म्हणूनच ओळखले जाते.

७/ वडसा-गडचिरोली या सुमारे ५० किलोमीटरच्या मार्गाला २०११-१२ मध्ये मंजुरी मिळाली. वनजमिनीच्या परवानग्यांत काम रेंगाळले. हा मार्ग जिल्हा मुख्यालयाला रुळांशी जोडणारा आहे. मात्र सिरोंचा तेथूनही सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. शतकापूर्वी आखलेल्या त्या एका रेषेने कोणाचा प्रवास किती लांबवला, हे दक्षिण गडचिरोलीला विचारावे.